विश्लेषण : खटक्याचा चाकू, रामपुरी आणि कोयता… कुठलं अवजार, कुठलं शस्त्र?

सण, निवडणूक किंवा मोठा मोर्चा जवळ आला की 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू' अशी चार ओळींची बातमी येते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे सरकतात. पण कसारा, खर्डीहून पहाटेच्या लोकलने रानभाज्या, करवंदं घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारात जाणाऱ्या बायकांच्या गाठोड्यात विळा किंवा चाकू असतोच. रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला कोयता असतो. दुसरीकडे पोलिसांच्या रोजच्या कारवायांतही 'कोयता जप्त', 'खटक्याचा चाकू जप्त' हेच शब्द दिसतात. मग एकच वस्तू कधी अवजार आणि कधी शस्त्र ठरते, ते कशावरून?

मराठीने इथे आधीच गोंधळ घालून ठेवला आहे. 'हत्यार' हा शब्द सुताराच्या पटाशीलाही चालतो आणि तलवारीलाही.

खिशातला साधा चाकू कसा ओळखायचा?

मिटणाऱ्या चाकूची जात मुठीच्या रंगावरून किंवा पात्यावरच्या नक्षीवरून ठरत नाही. पातं उघडतं कसं आणि उघडल्यावर टिकतं कशाच्या जोरावर, यावरून ती ठरते.

साध्या चाकूच्या मुठीत पाठीच्या बाजूला एक पोलादी पट्टी, म्हणजेच कमान असते. पात्याच्या मुळाशी चौकोनी माथा असतो आणि कमान त्यावर सतत दाब देते. पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढलं की माथ्याचा कोपरा कमानीला वर उचलतो, मग सपाट बाजू तिच्याखाली येते आणि 'टक' आवाज करून पातं स्थिर होतं. इथे कुलूप कुठेच नाही, फक्त दाब आहे. फळ कापताना, दोरी तोडताना जोर धारेवर येतो आणि पातं उघडंच राहतं. टोक कशात तरी खुपसलं आणि जोर पाठीवर आला, तर तेच पातं आपल्या बोटांवर मिटतं. म्हणजे हा चाकू कापण्यासाठी आहे, भोसकण्यासाठी नाही, हे त्याच्या रचनेतच लिहिलेलं असतं.

जपानचा 'हिगोनोकामी' याहून साधा. पत्रा दुमडून केलेली मूठ, कमान नाही, कुलूपही नाही. पात्याच्या मुळाशी एक शेपटीसारखा दांडा असतो, तो अंगठ्याने दाबून धरायचा. एके काळी तिथली शाळकरी मुलं याच चाकूने पेन्सिली तासत. १९६०च्या दशकात मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम झाली आणि हा धंदा जवळजवळ बसला. फ्रान्सच्या 'ओपिनेल'ने वेगळी वाट धरली. १८९० पासून बनणाऱ्या या लाकडी मुठीच्या चाकूला १९५५ मध्ये फिरणारी कडी बसवली गेली. कडी फिरवली की पातं अडकतं. हे कुलूप बोटं वाचवण्यासाठी होतं आणि आजही तो शेतकऱ्याचा, सहलीला जाणाऱ्याचा चाकू म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे नुसतं कुलूप दिसलं की ते शस्त्र, असंही म्हणता येत नाही.

मग 'खटक्याचा' म्हणजे काय?

यात पात्याच्या मुळाशी खाच असते आणि कमानीचा दात त्या खाचेत घुसतो. आता पाठीवर कितीही जोर आला तरी पातं मिटत नाही. ते मिटवायचं तर खटका दाबून दात बाहेर काढावा लागतो. काही चाकूंत बटण दाबताच पातं झटक्यात बाहेर येतं, हा बटणदार. काहींत पात्याच्या मुळाशी एकामागोमाग एक दाते असतात. उघडताना कमान प्रत्येक दात्यावरून घसरते आणि जुन्या हिंदी सिनेमात ऐकलेला तो 'कट-कट-कट' आवाज येतो. हा गरारीदार. स्पेनच्या जुन्या 'नवाखा' चाकूतही हीच गरारी सापडते. कापण्याच्या कामात त्या आवाजाचा काडीचा उपयोग नाही. तो समोरच्याला ऐकवण्यासाठीच आहे, असं माझं मत.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू याच घराण्यातला. एका बाजूला धार, लांब टोकदार पातं आणि खटका ही त्याची ओळख. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवरचा संवाद आजही मिम्समध्ये फिरतो. १९९०च्या दशकात तिथे साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि कारागिरांची संख्या रोडावली. आखूड झालेला चाकूही 'रामपुरी' म्हणूनच विकला जातो, कारण लांबी गेली तरी खटका राहिला. गंमत अशी की, २०२३ मध्ये त्याच रामपूरच्या चौकात सुमारे २० फुटी चाकूचं स्मारक उभं राहिलं.

कायदा काय पाहतो?

'भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१), १३५' ही ओळ गुन्ह्यांच्या बातम्यांत नेहमी दिसते. त्यात दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि दोघांची मोजपट्टी वेगळी आहे.

हत्यार कायदा १९५९ चा. त्याची व्याख्या वस्तूच्या रचनेचा हेतू पाहते. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू ते शस्त्र, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळलेली. नियमांमध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं माप आहे, पण तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती बाजूला ठेवली आहेत. कलम ४ मात्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागापुरतं लागू होतं. दिल्लीची १९८० ची अधिसूचना याचं ठळक उदाहरण. तिच्यात 'गरारीदार' आणि 'बटणदार' हे शब्द थेट आले आहेत आणि माप आहे ७.६२ सेंमी लांब, १.७२ सेंमी रुंद. म्हणजे जेमतेम तीन इंच. खटका असेल तर कायद्याला लहान पातंही पुरतं.

कोयता या चौकटीत कुठे बसतो?

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत राब भाजतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. हे काम मिटणाऱ्या चाकूचं नाही, त्याला वजन लागतं. म्हणून कोयत्याचं पातं जाड पाठीचं आणि पुढे जड असतं, टोक आत वळलेलं असतं. त्या टोकाने फांदी ओढता येते, काटेरी जाळी बाजूला करता येते. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तो कमरेच्या मागे, लाकडी आकडीत अडकवतात. अनेक लोहार त्यासाठी ट्रकचा जुना पाटा वापरतात, कारण ते पोलाद पाणी दिल्यावर कडक होतं पण सहसा तुकडा पडत नाही. भात कापायचा विळा वेगळा, पातळ आणि हलका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव विळा' तर दातेरी आहे. लांबी-रुंदीच्या मापात कोयता शस्त्राच्या पुढे जाऊ शकतो, पण त्याचा प्रत्येक वळसा शेताच्या आणि रानाच्या कामासाठीच आहे.

तरीही मनाई आदेशाच्या काळात हा युक्तिवाद पुरा पडेलच असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) रचना पाहतच नाही. त्यात तलवारी, भाले, सुरे, बंदुका यांच्या रांगेत काठ्या-लाठ्याही आहेत आणि शेवटी 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू' आहे. विळा त्यात बसतो, दगडही बसेल. शहरातल्या रस्त्यावर कोयते नाचवणाऱ्या टोळक्यासाठी हे कलम कामाचं आहे. पण भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईच्या विळ्याचं काय करायचं, हे तपासणीला उभ्या असलेल्या पोलिसाच्या समजुतीवर उरतं.

हे आदेश ग्रामीण भागासाठी जिल्हादंडाधिकारी काढतात, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. मुदत बहुतेक वेळा १५ दिवसांची असते. म्हणजे कसाऱ्यात गाडीत बसलेली बाई कल्याणला उतरते, तेव्हा ती ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आलेली असते आणि तिथला आदेश वेगळा असू शकतो. कामावर सरकारी शस्त्र बाळगणाऱ्यांना अशा आदेशांत सहसा सूट असते. शेतीच्या अवजारांचा उल्लेख आहे का, हे त्या-त्या आदेशातच पाहावं लागतं.