आकाशमार्गाने रोज किती उतारू जातात?
(अंदाज बांधण्याचा एक पाठ)

खेड्यातील शाळेच्या पटांगणावरून विमान जाऊ लागले, की मुले खेळ थांबवून वर पाहतात. ‘आत किती माणसे असतील?’ हा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो. त्याच्यापुढचा प्रश्न, ‘अशी माणसे रोज किती जात असतील?’, हा अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. परंतु गुणाकार-भागाकार येणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुष्कळसे काढता येते. शिक्षकाने आकडा सांगून मोकळे होण्याऐवजी तो शोधण्याची रीत वर्गास दाखवावी. कारण आकडा विसरला जातो, रीत राहते.

अंदाज म्हणजे मनाला येईल तो आकडा ठोकून देणे नव्हे. जे ठाऊक नाही त्याचे, जे ठाऊक आहे वा सहज कळण्याजोगे आहे अशा लहान भागांत विभाजन करणे आणि ते भाग गुणाकाराने पुन्हा जोडणे, यास अंदाज म्हणतात. एनरिको फर्मी हे थोर पदार्थवैज्ञानिक या कलेत निष्णात होते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या चाचणीवेळी त्यांनी हातातील कागदाचे कपटे खाली सोडले. स्फोटाच्या धक्क्याने ते किती दूर ढकलले गेले हे पाहून, स्फोटाची शक्ती सुमारे १०,००० टन स्फोटक द्रव्याइतकी असावी, असे त्यांनी सांगितले. उपकरणांनी केलेल्या मोजणीत ती याच्या दुपटीच्या आसपास ठरली. कागदाच्या कपट्यांवरून इतके जवळ पोचता आले, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, या न्यायाने पाठाचा आरंभ एस.टी.च्या थांब्यापासून करावा. गावातून दिवसाकाठी गाडीच्या १२ फेऱ्या होतात आणि एका फेरीत सरासरी ४० उतारू असतात असे धरले, तर १२ × ४० म्हणजे ४८० उतारू गावावरून जातात. हे दोन्ही आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः थांब्यावर बसून तपासावेत. गाड्या किती आणि एका गाडीत माणसे किती, हे दोनच प्रश्न विमानालाही लागू पडतात.

आता मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण घ्यावे. तेथे दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. गर्दीच्या वेळी तासाभरात येणारी व जाणारी मिळून सुमारे ४५ विमाने ती हाताळते. रात्रीची वर्दळ कमी असते, म्हणून २४ ऐवजी २० तास धरावेत. ४५ × २० = ९०० विमाने झाली. देशांतर्गत मार्गांवरील नेहमीच्या विमानात सुमारे १८० आसने असतात. त्यांतील काही रिकामी राहतात, म्हणून १५० उतारू धरावेत. ९०० × १५० = १,३५,००० उतारू. प्रत्यक्षात २०२३-२४ या वर्षात या विमानतळावर सुमारे ५ कोटी २८ लाख उतारूंची नोंद झाली. त्या वर्षाचे दिवस ३६६. भागाकार केला असता रोजचे सुमारे १,४४,००० येतात. फळ्यावरील हिशेब आणि प्रत्यक्ष नोंद यांत केवळ ९,००० चे अंतर राहिले.

येथे एका फसगतीकडे लक्ष वेधावे. सर्व विमानतळांच्या नोंदींची बेरीज केली, तर देशातील उतारूंची संख्या मिळेल काय? नाही. मुंबईहून नागपूरला गेलेला उतारू मुंबईस ‘गेला’ म्हणून व नागपुरास ‘आला’ म्हणून, असा दोनदा मोजला जातो. २०२३-२४ मध्ये देशातील सर्व विमानतळांवर देशांतर्गत उतारूंची नोंद ३० कोटींहून अधिक होती. विमान कंपन्यांनी वाहून नेलेले देशांतर्गत उतारू मात्र १५ कोटींहून थोडे अधिक होते. एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट का, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. दोन्ही आकडे खरे आहेत. काय मोजले, हे निराळे आहे. रोजचा हिशेब केल्यास देशांतर्गत उतारू सुमारे ४ लाख २० हजार होतात. देशाची लोकसंख्या १४३ कोटी धरली, तर दिवसाला सुमारे ३,४०० माणसांमागे एक उतारू पडतो. अशा वस्तीच्या गावातून रोज एकच मनुष्य विमानात बसतो, असे सांगितले म्हणजे लाखांचा आकडा मुलांच्या आवाक्यात येतो.

यानंतर सबंध जगाचा विचार करावा. २०१९ साली जगात उतारू वाहणारी मोठी विमाने सुमारे २५,००० होती असे धरावे. एक विमान दिवसाला सरासरी ४ फेऱ्या करते; लांबच्या मार्गावर एक-दोन, जवळच्या मार्गावर पाच-सहा. लहान-मोठी सर्व विमाने मिळून फेरीमागे १२० उतारू घेतले, तर २५,००० × ४ × १२० = १ कोटी २० लाख. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या गणनेनुसार २०१९ मध्ये वर्षाचे उतारू सुमारे ४५० कोटी होते. म्हणजे रोजचे १ कोटी २३ लाख. इतकी जवळीक दर वेळी साधेलच असे नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर ८० लाख किंवा २ कोटी आले, तरी ते चांगलेच समजावे. परंतु उत्तर ८० हजार किंवा २० कोटी आले, तर कोणते तरी गृहीतक चुकले आहे, अथवा एखादे शून्य गळले वा वाढले आहे.

तुलनेने आकड्यास अर्थ येतो. २०१९-२० या वर्षात भारतीय रेल्वेने सुमारे ८०८ कोटी उतारू वाहिले. म्हणजे दिवसाला सुमारे २ कोटी २० लाख. साऱ्या जगाच्या विमानांतून जाणाऱ्यांहून आपल्या एका देशाच्या आगगाड्यांतून जाणारे अधिक होते. तसेच अंदाज कोणत्या वर्षाचा, हेही नोंदवावे. २०२० मध्ये महामारीमुळे जगातील विमानउतारू ४५० कोटींवरून सुमारे १८० कोटींवर घसरले.

आणखी एक भेद सांगण्याजोगा आहे. ४५० कोटी या ‘फेऱ्या’ आहेत, ‘माणसे’ नव्हेत. एखादा व्यापारी वर्षातून वीस वेळा विमानाने गेला, तर तो वीसदा मोजला जातो. आखाती देशांत नोकरीस असलेला रत्नागिरीचा मनुष्य सुटीसाठी घरी येऊन परत गेला, तर तो किमान दोनदा मोजला जातो. वाटेत विमान बदलले तर अधिक वेळा. म्हणून ‘जगातील निम्म्याहून अधिक माणसे दरवर्षी विमानाने जातात’ असा निष्कर्ष या आकड्यावरून काढणे चूक होय.

हा पाठ विमानांपुरता नाही. गणिताच्या तासाला ‘एका गाडीत ४,००० उतारू’ असे उत्तर काढून खाली दुहेरी रेघ ओढणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेत आढळतो. त्याची रीत बरोबर असते. उत्तराकडे पाहण्याची सवय मात्र लागलेली नसते. तोच विद्यार्थी पुढे ग्रामसभेत बसून विहिरीच्या खर्चाचा, धान्याच्या उताऱ्याचा, कर्जाच्या व्याजाचा आकडा ऐकणार असतो. ‘हा आकडा संभवतो काय?’ असे मनाशी विचारण्याची सवय त्यास शाळेतच लागली, तर कोणीही त्याला सहजासहजी फसवू शकणार नाही.

वर्गासाठी अभ्यास : (१) आपल्या गावात रोज किती लिटर दूध निघते, याचा अंदाज करावा व दूध संकलन केंद्रावर तो पडताळावा. (२) तालुक्यातील सर्व शाळांत मिळून वर्षाला खडूच्या किती कांड्या लागत असतील? (३) जगातील विमानउतारू रोज १ कोटी २३ लाख आणि सरासरी प्रवास २ तासांचा धरल्यास, कोणत्याही एका क्षणी आकाशात किती माणसे असतील? (उत्तर : सुमारे १० लाख.) प्रत्येक उत्तरासोबत कोणती गृहीतके धरली हे विद्यार्थ्यांनी लिहावे, गुण द्यावयाचे ते आधी गृहीतकांस, मग उत्तरास.