आधी कोणतं पान पिवळं पडलं?

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात लातूर जिल्ह्यात औसा, निलंगा किंवा उदगीरच्या रस्त्याने जावं. आठवडाभराची झड नुकतीच उघडलेली असते आणि सोयाबीनच्या हिरव्या रानात मधूनच पिवळे पट्टे डोळ्यांत भरतात. त्याच दिवशी गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांपुढे मोटारसायकलींची रांग लागते. काउंटरवर प्रश्न एकच : "भाऊ, सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारावं?" दुकानात गर्दी असते, उलट विचारायला कुणाला वेळ नसतो. एक टॉनिक, एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक पिशवीत पडतं आणि दुपारपर्यंत पंप पाठीवर चढतो. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे की बुडाशी असलेल्या जून पानांवर, एवढं जरी विचारलं असतं तरी त्यातल्या दोन बाटल्या दुकानातच राहिल्या असत्या.

पानांच्या निदानाचं अर्धं शास्त्र या एका प्रश्नात आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि नव्या पालवीला देतं, म्हणून या चौघांची लक्षणं आधी खालच्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. ही द्रव्यं एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. पुरवठा तुटला की उपाशी राहतं ते नवं पान. खालची पानं सरसकट फिकी पडली तर नत्राचा संशय घ्यावा. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा, जून पानांच्या कडा करपल्या असतील तर पालाशचा. शेंड्याचं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसत असेल, तर लोह.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात असा. १८६०च्या दशकात जर्मनीत साक्स आणि क्नॉप यांनी मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली. एकेक क्षार वगळला की काय बिघडतं, हे त्यामुळे तपासता येऊ लागलं. १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट यांनी अन्नद्रव्य 'आवश्यक' कधी म्हणायचं याच्या कसोट्या घातल्या. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडच्या लाँग अॅश्टन केंद्रातल्या थॉमस वॉलेस यांनी रंगीत चित्रांसह लक्षणांचा ग्रंथच काढला. आज मोबाइलवर फिरणारे पानांचे तक्ते त्याच घराण्यातले.

आता लोहाकडे वळू, कारण लातूरच्या रानात खरी गंमत तिथे आहे. इथली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झाली. या खडकाच्या वजनात लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांहून जास्त असतात. म्हणजे लोहाच्या ढिगावर उभं राहून पीक लोहासाठी तडफडतं! दोष चुनखडीचा. मराठवाड्यातल्या अनेक जमिनींत मुक्त चुना आहे आणि त्यांचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर असतो. सामू एक अंकाने वाढला की मातीतल्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. त्यात झड लागली, वाफसा गेला आणि मातीची हवा कोंडली की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना होतं नव्हतं ते लोहही घेता येत नाही. म्हणून हा पिवळेपणा पावसाच्या उघडिपीआधी-नंतर, सखल भागात, चुनखडीच्या पट्ट्यात आणि बहुतेकदा दरवर्षी त्याच जागी दिसतो.

यातली मिस्कील गोष्ट अशी, की ऊन पडलं, कोळपणी झाली आणि वाफसा आला की पुष्कळ शेतं आपोआप हिरवी होतात. श्रेय मात्र आदल्या दिवशी मारलेल्या टॉनिकला जातं आणि पुढच्या वर्षी त्याचा खप वाढतो.

मग टॉनिकने केलं की उन्हाने, हे ओळखायचं कसं? त्यासाठी १८४०च्या दशकातला एक फ्रेंच माणूस कामाला येतो. युसेब ग्री याने पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचं पाणी लावलं आणि जिथे लावलं तिथे पान हिरवं झालं. वनस्पतीशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी हा एक, आणि खर्च म्हणाल तर चहाच्या कपाएवढाही नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट विरघळवायचं, लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे. सोयाबीनच्या पानावर लव असते, पाणी घरंगळतं, म्हणून साबणाच्या पाण्याचा एखादा थेंबही घालायचा. संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने पानाच्या एकाच बाजूला, मधल्या शिरेच्या अलीकडे, हे पाणी लावायचं आणि झाडाला दोरा बांधून खूण करायची. काही दिवसांत ओली केलेली बाजू हिरवी आणि दुसरी पिवळीच राहिली, तर निदान पक्कं. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या झाल्या तर श्रेय उन्हाचं. दोन्ही पिवळ्याच राहिल्या तर दुखणं दुसरं. मात्र हिराकस ताजी, हिरवट खड्यांची हवी. तपकिरी पडलेल्या पुडीतलं लोह ऑक्सिजनने आधीच निकामी केलेलं असतं.

निदान ठरलं की मग फवारणी. जमिनीतून द्यायचं असेल तर बाटलीवरची अक्षरं वाचावीत. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू साडेसहाच्या वर गेला की लोहाला धरून ठेवू शकत नाही. लातूरच्या चुनखडीत टिकतं ते ईडीडीएचए. ते महाग असतं, म्हणून भुसारासाठी पानावरची फवारणीच परवडते.

'दुसरं दुखणं' म्हणजे बहुधा पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. इथे शिरांची नीट जाळी दिसत नाही. हिरव्यात भडक पिवळे ठिपके आणि चट्टे वेडेवाकडे पसरतात आणि सुरुवातीला अख्खा पट्टा न जाता इथं एक, तिथं एक झाड दिसतं. जबलपूरहून १९९४ मध्ये आलेलं जेएस-३३५ हे वाण मराठवाड्याने डोक्यावर घेतलं, पण या रोगापुढे ते टिकत नाही. विषाणूवर औषध नाही. रोगट झाड उपटणं, पिवळे चिकट सापळे लावणं, माशी आवरणं आणि पुढच्या हंगामाला सहनशील वाण निवडणं, इतकंच हाती असतं. आणि एखादंच पान अचानक मान टाकून वाळलं असेल, तर पान सोडून देठ आणि खोड पाहावं. तिथे दोन गोल कापे दिसले की चक्रीभुंगा समजावा.

शहरातल्या वाचकाला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे. लातूर-नांदेडच्या फ्लॅटमध्ये आता शेल्फवर एलईडी लावून झाडं वाढवली जातात. कुंडीला बोअरचं जड पाणी घातलं की त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतली माती हळूहळू चुनखडीच्या रानासारखी वागू लागते, आणि मोगऱ्याचा शेंडा सोयाबीनसारखाच पिवळा पडतो. पावसाचं पाणी साठवून घातलं तर बराच फरक पडतो. लाल-निळ्या एलईडीखाली मात्र निदान करूच नये. त्या प्रकाशात हिरवा रंग जवळपास नसतोच, त्यामुळे निरोगी पानही काळपट दिसतं. दिवा बंद करून खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पान पाहावं. दिव्याच्या अगदी जवळची वरची पानंच पांढुरकी पडली असतील तर तो उजेडाचा मारा समजावा, खत देऊ नये, दिवा वर घ्यावा. एलईडी जुन्या दिव्यांइतका तापत नाही, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. जुन्या सवयीने पाणी घालत राहिलं की मुळं गुदमरतात आणि पानं पुन्हा पिवळी.

अर्धापूरच्या केळीची ऊतिसंवर्धित रोपंही दिव्यांखालीच जन्मतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये दिलेल्या माध्यमाचा सामू ५.८ च्या आसपास ठेवतात आणि त्यात ईडीटीएने धरलेलं लोह तयार असतं. एवढ्या लाडात वाढलेलं रोप काळ्या जमिनीत आल्यावर बिचकलं, तर नवल काय?

नांदेडची खरी ओळख कापसाची. तिथल्या संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात आलेल्या नांदेड-४४ या संकरित वाणाने एके काळी महाराष्ट्रभर रानं व्यापली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कपाशीवर 'लाल्या' येतो. बोंडांचा भार, मॅग्नेशियम आणि नत्राची ओढ, रात्रीचा गारवा यांतून पानात लाल रंगद्रव्य साठतं. तुडतुड्यांनीही पान लाल होतं, पण ते कडांपासून आणि कडा मुरडून. पान उलटं करून पाहिलं की तिरके पळणारे तुडतुडे सापडतात. बोंडं भरून झाल्यावर आलेल्या लाल्यावर पैसे घालणं व्यर्थ आहे, पातेगळीच्या आधी मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर उपयोग. कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं चिरलं गेलं की गावभर 'व्हायरस'ची हूल उठते. पुष्कळदा कारण असतं टू-फोर-डी. हे तणनाशक मारलेला पंप न धुता कपाशीवर वापरला, किंवा शेजारच्या ज्वारी-उसावरून वाऱ्याने ते आलं, तरी हे पीक लगेच वाकडं होतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

तर, दुकानाची पायरी चढण्याआधी रोगट झाडाचं एक वरचं आणि एक खालचं पान, शिवाय शेजारच्या निरोगी झाडाची तशीच दोन पानं घ्यावीत. ती कागदात गुंडाळून न्यावीत, प्लास्टिकमध्ये घामेजून खराब होतात. लातूरला मांजरा कृषी विज्ञान केंद्र आहे, नांदेड जिल्ह्यात पोखर्णी आणि सगरोळीला केंद्रं आहेत. तिथे पानं दाखवावीत, आणि उन्हाळ्यात माती तपासून घेताना सामू आणि चुनखडी हे दोन आकडे आवर्जून मागून घ्यावेत.