सपाट जमिनीखालचे जुने खडक

सोलापूरचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला असेल. त्याचे तट काळ्या दगडाचे आहेत. जुनी घरे, विहिरी, रस्त्याची खडी, सगळीकडे हाच दगड दिसतो. त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. असे अनेकदा घडले. म्हणून बेसॉल्टचे थर एकावर एक, जवळजवळ सपाट दिसतात.

या थरांच्या खाली काय आहे? ते जाणायचे असेल, तर सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या आगगाडीत बसा. काही वेळाने काळा दगड मागे पडतो. शहाबादजवळ फरशीचा चुनखडक लागतो. रायचूरच्या बाजूला ग्रॅनाइटच्या टेकड्या दिसू लागतात. कर्नाटकातील याच रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे सोन्याची खाण आहे. ही खाण ज्या खडकांत आहे, त्यांच्या लांब पट्ट्याला हट्टी-मस्की शिस्ट पट्टा म्हणतात. ज्या खडकाचे पातळ पापुद्रे सुटतात, तो शिस्ट.

नवल असे, की या पट्ट्यातील बरेचसे खडकही मूळचे लाव्हाचेच आहेत. पण तो लाव्हा २५० कोटी वर्षांहून अधिक जुना आहे आणि पाण्याखाली पसरलेला होता. पुढे ते खडक खोल गाडले गेले. तेथील उष्णतेने आणि दाबाने त्यांचे रूपच बदलले. त्यांना वळ्या पडल्या आणि भेगाही पडल्या. भेगांतून गरम पाणी वाहिले. त्या पाण्याने आणलेले सोने गारेच्या शिरांत साचले.

वळ्या कशा पडतात? एक सोलापुरी चादर जमिनीवर पसरा आणि दोन्ही बाजूंनी आत ढकला. तिला चुण्या पडतील. आता उरलेल्या दोन बाजूंनी ढकला. आधीच्या चुण्याही वाकतील. खडकांवरही असा दाब वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दिशांनी आला. आता त्या चादरीवर एक सतरंजी ताणून अंथरा. वरून पाहणाऱ्याला खालच्या चुण्या दिसणार नाहीत. आपल्याकडचा बेसॉल्ट हा त्या सतरंजीसारखा आहे.

ही गोष्ट केवळ पुस्तकातली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सोलापूरच्या ईशान्येकडील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगावली. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप होणार नाही, असा तोवर समज होता. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले. बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला. त्याखाली ८ मीटर जाडीचा गाळाचा थर होता. पुढे लागले ते उष्णतेने व दाबाने रूप बदललेले अतिप्राचीन खडक. भूकंपाचे मूळ याहूनही खूप खोल, अशाच जुन्या खडकांत होते. भारताचा भूभाग सतत उत्तरेकडे सरकत आहे. त्यामुळे खडकांवर ताण साठतो आणि तो असह्य झाला, की एखाद्या भेगेवर ते एकदम सरकतात.

२००२ मध्ये भूकंपाच्या दृष्टीने देशाचे विभाग पुन्हा ठरवले गेले, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा विभागच काढून टाकण्यात आला.

भूकंप केव्हा होईल हे सांगता येत नाही, पण घर मजबूत बांधता येते. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळल्यामुळे फार माणसे दगावली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले, दारे-खिडक्यांवरून घरभर सिमेंट-सळईची पट्टी फिरवली आणि छप्पर हलके ठेवले, तर भिंती एकमेकींना धरून राहतात. तुमच्या गावात नवे घर बांधले जात असेल, तर ही पट्टी आहे का, ते अवश्य पाहा. नसेल, तर घरच्या मोठ्यांना तिचे महत्त्व समजावून सांगा.