एसजीपीटी वाढला म्हणजे नेमके काय?



पावसाळ्यात रजेचे अर्ज वाढतात आणि त्यांना रक्ताचे रिपोर्ट जोडलेले असतात. "एसजीपीटी एवढा वाढलाय, म्हणजे कावीळ की डेंग्यू?" असे पालक आम्हाला विचारतात. नुसत्या त्या आकड्यावरून ते कळत नाही.

एसजीपीटी व एसजीओटी ही विकरे आहेत. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तिथे 'प्रकिण्व' म्हणत. लॅबवाले दोन्ही सोडून एन्झाइम म्हणतात.) यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. एरवी एसजीपीटी साधारण ४० युनिटच्या आत असतो, विषाणूजन्य काविळीत तो हजारावरही जातो. इजा झाली एवढे आकडा सांगतो, कोणी केली ते नाही.

दिल्लीत १९५५-५६ साली काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटिस 'ए'ची असावी असाच समज होता. त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तपासले आणि १९८० साली कळले की तो 'ए'ही नव्हता, 'बी'ही नव्हता. त्यालाच पुढे 'ई' म्हणू लागले. आपल्या हैदराबादेत २००५ साली याच 'ई'ने दीड हजारांवर लोक आजारी पडले. उघड्या नाल्यांतून गेलेल्या नळांच्या वस्त्यांत त्याचा जोर जास्त होता.

'ए' आणि 'ई' दोन्ही दूषित पाण्यातून येतात, त्यामुळे एकाच रुग्णात दोन्ही सापडू शकतात. डासांचा डेंग्यूही त्याच महिन्यांतला. डेंग्यूत बहुधा एसजीओटी जास्त चढतो, कारण तो स्नायूंतही असतो. काविळीत बहुधा एसजीपीटी पुढे असतो. म्हणून डेंग्यू निघाला तरी एसजीपीटी फारच चढला असेल, तर डॉक्टर 'ए' व 'ई'ची आयजीएम तपासणी सांगतात. "एक आजार सापडला, आता दुसरी तपासणी कशाला?" म्हणून ती टाळू नये. घरात गर्भवती असेल तर मुळीच नाही, शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' जिवावर बेतू शकतो.

आकडा उतरला की झाडपाल्याच्या औषधाला श्रेय मिळते. बहुतेक वेळा तो आपोआपच उतरतो. पण एसजीपीटी उतरतोय आणि डोळे अधिक पिवळे होताहेत, मूल गुंगीत आहे, असंबद्ध बोलते आहे, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गळायला पेशीच उरल्या नाहीत, असाही त्या उतरण्याचा अर्थ असतो. तापाची गोळीसुद्धा अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सगळे जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांकडे न्यावेत. शाळेला ते नकोत, रजेसाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरते.