‘मजा आली नाही’ या विधानाचा अर्थ

आवडीनिवडीविषयी वाद घालू नये, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र या सूत्राचा उपयोग वाद टाळण्यासाठी क्वचितच होतो. अर्ध्यावर आलेला वाद सोडून देण्यासाठीच तो बहुधा केला जातो. ‘तुझी आवड तुला, माझी मला’ असे म्हणताना आपण समोरच्या माणसाचा आदर करतो, की त्याचे म्हणणे ऐकण्याच्या कष्टातून स्वतःची सुटका करून घेतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे. साहित्यकृतीच्या संदर्भात हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुष्कळदा हाताळला आहे. येथे तो एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. खेळाच्या बाबतीत ‘मजा’ हा निकष इतका उघडा असतो, की त्याला पांडित्याचा आडोसा घेता येत नाही.

निमित्त घरगुती आहे. रायपूरमधील गुढियारी या वस्तीत माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. तेथील मराठी घरांतून हिंदी आणि छत्तीसगढी आपल्या भाषेत सहज मिसळून गेल्या आहेत. गेल्या सुटीत तेथे माझी पुण्याची भाची आणि तिचा धाकटा मावसभाऊ यांच्यात एका खेळावरून खटका उडाला. ‘ताई, मला मजा नाही आला,’ असे तो म्हणाला. गुढियारीत वाढलेल्या मुलाच्या तोंडी मजा हिंदीप्रमाणे पुल्लिंगी व्हावी, यात नवल नाही. ताईने त्याचे व्याकरण सुधारले. मत मात्र ऐकून घेतले नाही. ‘आपल्याकडचा खेळ आहे म्हणूनच तू नावे ठेवतोस,’ असे ती म्हणाली. त्यावर ‘तुला आवडतो तो चित्रसंग्रह आहे, खेळ नव्हे,’ असे तो म्हणाला आणि दोघेही गप्प झाले.

वादाचा विषय असलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने रचला असून तो २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका होय. दुर्गेच्या कृपेने तिला त्रिशूळ लाभतो आणि खेळणाऱ्याने तिच्या रूपाने असुरांशी झुंजत पुढे जावयाचे असते. दृश्यांच्या रचनेत पहाडी लघुचित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकला यांचा आधार घेतलेला आहे. कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने सांगितला आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. २०२२ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची सोय झाली. परीक्षणकर्त्यांनी त्याच्या दृश्यसौंदर्याची वाखाणणी केली. परंतु झुंजीतील हालचालींचा बोजडपणा, खेळाची अल्प लांबी आणि अकस्मात येणारा शेवट यांविषयी अनेकांनी तक्रारही केली. गुढियारीतील मतभेद हा असा पुष्कळांचा मतभेद होता.

‘मजा’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘चव’ असा आहे. ‘रस’, ‘रुची’, ‘आस्वाद’ हे आपले समीक्षेतील मानाचे शब्दही जिभेवरूनच आले आहेत. तेव्हा मजेचा प्रश्न हा रसाच्या प्रश्नाचा गावंढळ भाऊबंद मानून त्याला दाराबाहेर उभे करण्याचे कारण नाही.

कांटने १७९० मधील आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत केलेला भेद रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) मराठी अभ्यासकांना परिचित आहे. एखादे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला पाहिजे. परंतु एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो. खेळातील मजा यांपैकी कोणत्या कोटीतील? माझ्या मते ती दोन्ही कोटींना स्पर्श करते. भरताच्या नाट्यशास्त्रात देवांनी ब्रह्मदेवाकडे पाहण्याजोगे आणि ऐकण्याजोगे असे एक खेळणे मागितल्याची कथा आहे. व्हिडिओ गेममध्ये त्या दोहोंत ‘करण्याजोगे’ या तिसऱ्या गुणाची भर पडते. खेळणाऱ्याच्या हातांवाचून हा खेळ घडतच नाही. म्हणून ‘मजा आली नाही’ या विधानात खेळाच्या रचनेविषयी जितके सांगितलेले असते, तितकेच खेळणाऱ्याच्या हातांविषयीही असते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. स्वतःची जाणीव न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होण्यात वाचकाला आनंद मिळतो, असा तिचा आशय आहे. माझा भाचा असे अनेक खेळ खेळलेला आहे. त्याची बोटे तयार आहेत. राजीचा त्रिशूळ त्याच्या बोटांच्या वेगाने वळत नाही, तेव्हा त्याची समाधी भंगते. भाचीचे हात नवखे आहेत. जो संथपणा त्याला बोचतो, तोच तिला भिंतीवरचे चित्र पाहावयास अवसर देतो. दोष एकच असला तरी एकाला तो अडसर वाटतो, तर दुसरीला विसावा.

ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोटे’तील एक कथा वापरली आहे. दोन जाणकार एकाच पिंपातील मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. परंतु पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. सभ्य मतभेदाचे सारे रहस्य मला या कथेत दिसते. समोरच्याच्या जिभेला हसण्यापूर्वी पिंपाचा तळ पाहिला पाहिजे. त्यासाठी ‘कंटाळवाणा’ किंवा ‘अप्रतिम’ अशा निकालवजा शब्दांच्या जागी वर्णन आले पाहिजे. आपण कोणती अपेक्षा धरून बसलो, खेळाने आपल्याकडून काय करून घेतले आणि मन नेमके कोठे उडाले, हे सांगता आले पाहिजे.

राहिला ‘आपल्याकडचा’ हा मुद्दा. तो क्षुल्लक नाही. ज्या भाषेत किंवा देशात एखाद्या कलेची निर्मिती थोडी असते, तेथे प्रत्येक कृतीवर सर्वांची आशा भार टाकते आणि दोष दाखवणारा द्रोही ठरतो. मराठी अनुवादाच्या क्षेत्रात मी हे जवळून पाहिले आहे. पण आपल्या कृतीला सवलतीचे गुण देणे म्हणजे ती बरोबरीची नाही असे आधीच मान्य करणे होय. ‘राजी’च्या झुंजीतील उणीव सांगणारा मुलगा तिला जगातील इतर खेळांच्या पंक्तीला बसवून बोलत होता. हाही आदराचाच एक प्रकार आहे.

याच्या उलट दोष माझ्या हातून घडला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या अनुवादाविषयी मी ‘रुक्ष’ एवढा एकच शब्द लिहिला. तो शब्द चुकला असे मला आजही वाटत नाही. परंतु कोणत्या पृष्ठावर, कोणत्या वाक्यरचनेत रुक्षता आली, हे मी सांगितले नाही. कारणे मिळाली असती तर त्यांना माझ्याशी भांडता आले असते. केवळ निकाल मिळाल्यामुळे त्यांना गप्प बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यानंतर त्यांनी मला आपला कोणताही मजकूर दाखवला नाही.

गुढियारीत दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही एकच विनंती केली, की मत सांगू नका, जागा दाखवा. भाच्याने एक झुंज खेळून दाखवली आणि त्रिशूळ कोठे अडखळतो ते ताईच्या हातात यंत्र देऊन तिला अनुभवू दिले. तिने त्याला एका भिंतीपाशी थांबवून तेथील चित्रातील कथा सांगितली. तो त्या भिंतीवरून पूर्वी धावत गेला होता. मते फारशी बदलली नाहीत. त्याला मजा आली नाही ती नाहीच. परंतु निघताना तो म्हणाला, ‘ताई, झुंज सुधारली असती, तर मी त्या भिंतीपाशी थांबलो असतो.’ आदल्या दिवशीच्या तीन शब्दांच्या निकालापेक्षा हे वाक्य लांब होते आणि त्यात ताईच्या भिंतीला जागा होती.