न मिसळणाऱ्यांचा सांधा

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही प्लास्टिके केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली असतात, तरीही वितळवून कितीही घोटली तरी ती एकजीव होत नाहीत. पॉलिमरचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची साखळी. लहान रेणूंना एकमेकांत विखुरताना जी मोकळीक, शास्त्रीय भाषेत एन्ट्रॉपी, लाभते, ती या साखळ्यांच्या वाट्याला फारशी येत नाही, त्यामुळे दोन पदार्थांमधला किंचितसा दुरावाही त्यांना विलग ठेवण्यास पुरतो.

विलग राहणे हा मात्र खरा दोष नव्हे. अशा मिश्रणाचा तुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर एका प्लास्टिकमध्ये दुसऱ्याचे गोळे आणि सीताफळाच्या गरातून बी निसटावी तसे गोळे निसटून गेलेले गुळगुळीत खळगे दिसतात. दोहोंच्या सीमेवर, म्हणजे आंतरपृष्ठावर, पकडच नसल्यामुळे ताण पलीकडे पोहोचत नाही आणि भेग तिथूनच धावते.

कम्पॅटिबिलायझर नावाचे पूरक द्रव्य याच सीमेवर काम करते. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, तसा त्याच्या साखळीचा एक भाग एका प्लास्टिकमध्ये आणि दुसरा भाग दुसऱ्यामध्ये गुंततो; गोळे बारीक होतात, पुन्हा एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत आणि सहजासहजी उपटले जात नाहीत. कित्येकदा हा दुवा यंत्रातच तयार होतो. रबराच्या साखळीवर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे कलम करून (आंब्याचा हा शब्द येथे चपखल बसतो) ते रबर नायलॉनबरोबर एक्स्ट्रूडरमधून काढले, की नायलॉनच्या टोकांचे अमाइन गट त्या कलमाशी रासायनिक बंध जोडतात. रबराचे कण मायक्रॉनहूनही लहान होतात आणि नायलॉनची आघात सोसण्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. रबरामुळे ताठपणा काहीसा घटतो, ही त्याची किंमत.

तंतू किंवा भुसा घातलेल्या संमिश्रांत अडचण वेगळी असते, कारण लाकूड आणि ताग पाण्याचे सोयरे, तर पॉलिप्रॉपिलीन पाण्याला दूर ठेवणारे. तेथे कलम केलेले पॉलिप्रॉपिलीन थोड्या टक्क्यांत घातले, तर तंतूंवरील हायड्रॉक्सिल गटांशी त्याचे बंध जुळून ताणबळ वाढते आणि पाणी कमी शोषले जाते. ताठपणात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण तो मुख्यतः तंतूंच्या प्रमाणावर ठरतो. म्हणूनच कम्पॅटिबिलायझरने ‘सर्वच गुणधर्म सुधारतात’ हा विक्रेत्यांचा दावा जपून घ्यावा. मात्रा वाढवत नेली, तर जास्तीचे रेणू सीमेवर न जाता आपसांतच पुंजके करतात आणि खर्च तेवढा वाढतो.

२०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी आरंभी उल्लेखिलेल्या जोडीसाठी चार खंडांचा सहपॉलिमर बनवला, ज्यात दोन्ही प्लास्टिकांचे खंड आलटून पालटून येतात. त्याच्या अवघ्या १ टक्का मात्रेने, थोडेसे ताणताच तुटणारे मिश्रण कित्येक पट ताणले जाऊ लागले. भंगारातून दाणा करणाऱ्यांचा प्रश्न नेमका याच जोडीचा आहे. बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत टाकला, की जड पीईटी तळाशी जाते आणि झाकणांचा चुरा तरंगतो; पण झाकणे पॉलिएथिलीनची असोत वा पॉलिप्रॉपिलीनची, दोन्ही पाण्याहून हलकी, त्यामुळे वरून गाळून घेतलेल्या चुऱ्यात ती एकत्रच हाती येतात.