दोन वर्षं न सापडलेला आजार



१९९२ सालच्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १०० मीटर शर्यतीत पाच जणी जवळजवळ एकदमच रेषेवर पोहोचल्या. कोण जिंकलं ते फोटो पाहून ठरवावं लागलं. सुवर्णपदक मिळालं गेल डेव्हर्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धावपटूला. त्याआधी दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिचे पाय कापावे लागतील की काय, अशी वेळ आली होती.

गेलचा खरा खेळ अडथळ्यांची शर्यत. १०० मीटरमध्ये पावणेतीन फूट उंचीचे दहा अडथळे. १९८८ मध्ये तिने या शर्यतीत अमेरिकेचा विक्रम केला आणि त्याच वर्षी सेऊल ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीतच ती बाहेर पडली. शरीर साथ देईना. केस गळायचे, हात थरथरायचे, डोकं दुखायचं, एका डोळ्याला नीट दिसेना, वजन उतरलेलं, पाळीचा रक्तस्राव थांबता थांबेना. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले. निदान व्हायला १९९० उजाडलं: ग्रेव्हज, म्हणजे थायरॉईडचा आजार.

अमेरिकेतल्या नावाजलेल्या खेळाडूची ही गत. मग चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बाईला "टेन्शन घेऊ नका, टॉनिक घ्या" म्हणून परत पाठवतात, याचं मला नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराची चाल तिच्या हाती. ग्रेव्हजमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती तिला डिवचत राहते आणि ती गरजेपेक्षा जास्त रस सोडते. मग छाती धडधडते, घाम फुटतो, झोप लागत नाही, खाऊनही वजन उतरतं, काहींचे डोळे पुढे येतात. अंगावर काढलं तर हृदयावर परिणाम होतो, गरोदरपणात बाळालाही धोका असतो. रस कमी पडला तर उलटं: सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं, पाळीत जास्त रक्त जाणं. आपल्याकडे हा दुसरा प्रकारच जास्त दिसतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात दोन्ही होऊ शकतात.

गेलची ग्रंथी किरणोत्सारी औषधाने निकामी केली गेली. त्यानंतर पाय सुजले, फोड आले, रक्त येऊ लागलं. आईवडील तिला उचलून न्हाणीघरात न्यायचे. उपचार बदलले तसे पाय वाचले. मैदानावर परतली तेव्हा आधी नुसते मोजे घालून चालली. त्याच वर्षी, १९९१ च्या ऑगस्टमध्ये, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिने अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक घेतलं!

बार्सिलोनात १०० मीटर जिंकल्यावर अडथळ्यांच्या शर्यतीतही ती सर्वांच्या पुढे होती. दहाव्या, शेवटच्या अडथळ्याला पाय लागला. तोल गेला, धडपडत रेषा ओलांडली, पाचवी आली. पुढे या शर्यतीत ती तीनदा जगज्जेती झाली. २००४ पर्यंत पाच ऑलिम्पिक खेळली, पण अडथळ्यांचं ऑलिम्पिक पदक तिला कधीच मिळालं नाही.

ग्रंथी निकामी झाल्यावर तिचा रस गोळीतून घ्यावा लागतो, तोही जन्मभर. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. एका ताईंनी मला सांगितलं, "सिस्टर, बरं वाटलं म्हणून गोळी सोडली." अहो, बरं वाटलं ते गोळीमुळेच! रस कमी पडतो म्हणून दिलेली गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. दिवस गेले तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

वर सांगितलेल्यातली दोन-तीन लक्षणं महिनाभर राहिली, तर सरकारी दवाखान्यात जाऊन "माझी टीएसएच तपासणी करा" असं स्पष्ट म्हणा. साधी रक्ताची तपासणी आहे. एकटीला बोलायला संकोच वाटला तर विहारातल्या एखाद्या मैत्रिणीला सोबत न्या, आणि जुने रिपोर्ट घरी विसरू नका.